इंजिनाचें रक्षण : बाहेरून बसविण्याचे भाग कोणते घ्यावे, कोणते टाळावे

पूर्वीं शेतकऱ्याच्या दारांत बैलजोड्या किती, यावरून त्याची ऐपत पाहिली जात असे. हल्लीं बिलोली, देगलूर, नायगांव या बाजूस मृगाची पेरणी ट्रॅक्टर केव्हां मिळतो यावर ठरते. ज्याच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं तोहि भाड्याच्या ट्रॅक्टरावरच अवलंबून असतो. बैल आजारी पडला तर तो वैरण सोडतो, मान टाकतो, व मालकास आधीं कळतें. इंजिन मात्र शेवटच्या घटकेपर्यंत काम करीत राहतें आणि एकदम बसतें. तें बहुधा कामाच्या भर दिवसांतच बसतें, कारण त्याच दिवसांत त्यावर भार असतो. अशा वेळीं इंजिन खोलून बांधण्याचा खर्च हा तोट्याचा लहान भाग होय. वाफसा निघून गेला, ठरलेलें भाड्याचें काम दुसऱ्याकडे गेलें, आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्या तारखेस दारीं उभा राहिला, हा मोठा भाग.

या भीतीवर एक निराळा व्यापार उभा राहिला आहे. ट्रॅक्टर, जीप अगर मोटार घरीं आली न आली तोंच, कारखान्यानें न दिलेले परंतु ‘इंजिनाचें रक्षण करणारे’ भाग घेऊन दुकानदार पुढें येतो. कोणी चेंबरखालीं लोखंडी पत्रा बसवा म्हणतो, कोणी तेलांत घालण्याची बाटली दाखवितो, कोणी डिझेलच्या नळीस लोहचुंबक बांधावयास सांगतो. यांतील कांहीं भाग खरोखर उपयोगी आहेत, कांहीं निरुपद्रवी आहेत, व कांहीं उलट घात करणारे आहेत. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कागद तपासण्यांत गेली. तो यंत्रशास्त्री नव्हे. परंतु कोणतीहि मागणी पुढें आली म्हणजे तिच्या खालचा आधार काय, हें पाहण्याची संवय त्या नोकरीनें लाविली. त्याच रीतीनें या भागांची छाननी येथें सभासद बंधूंपुढें ठेवितों.

इंजिनाचे शत्रु

कोणताहि भाग विकत घेण्यापूर्वीं, तो कोणापासून रक्षण करणार हें विचारावें. आपल्याकडील इंजिनांचे मुख्य शत्रु चार : धूळ, उष्णता, तेलाची तूट आणि पाणी. यांपैकीं एकाचीहि वाट जो भाग अडवीत नाहीं, अगर शत्रु आल्याची वर्दी वेळेवर देत नाहीं, त्यास रक्षक म्हणतां येणार नाहीं, मग त्याचा डबा कितीहि चकचकीत असो.

१. धूळ

इंजिन डिझेल किती पितें हें सर्वांस ठाऊक असतें. तें हवा किती पितें हें फारसें कोणी मोजीत नाहीं. अडीच लिटर मापाचें चार ठोक्यांचें इंजिन मिनिटास २,००० फेरे फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांस एकदां तें आपल्या मापाइतकी हवा ओढतें. म्हणजे मिनिटास २,५०० लिटर, तासास १,५०,००० लिटर, व आठ तासांच्या पाळीस १,२०० घनमीटर. प्रत्यक्षांत याहून थोडी कमी जाते असें धरलें, तरी दहा फूट लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा पस्तीस खोल्या भरतील एवढी हवा एका दिवसांत त्या एका नळीनें आंत जाते. उन्हाळ्यांत काळ्या रानांत रोटाव्हेटर चालला असतां अगर सोयाबीनची मळणी सुरू असतां ती हवा कशी असते, हें सांगावयास नकोच. त्या धुळींत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. मोह यांच्या दहा पायऱ्यांच्या काठिण्यमापनांत गारगोटी सातव्या पायरीवर आहे. लायनरचें बीड तिच्यापुढें मऊ. तिचे कण रिंगांमध्यें शिरले कीं तेथें कानस चालू झाली म्हणून समजावें. पुढें इंजिन तेल खाऊं लागतें, धूर मारूं लागतें, व जोर सोडतें.

यासाठीं कारखान्यानें हवेचा फिल्टर दिलेलाच असतो. १९४७ सालीं मुंबईस महिंद्रांनीं जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्या जीपच्या इंजिनावर तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असे. जुन्या ट्रॅक्टरांवर आजहि तोच दिसतो. वाटींत तेल खुणेइतकेंच असावें. कमी पडल्यास धूळ पुढें जाते, अधिक झाल्यास तेल इंजिनांत ओढलें जातें. नव्या यंत्रांवर कागदी फिल्टर असतो, व पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच्या आंत दुसरा लहान फिल्टर असतो. तो आंतला फिल्टर धुवावयाचा अगर झटकावयाचा नसतो. वेळ झाली कीं बदलावयाचा असतो.

या ठिकाणीं बाहेरून घेण्यासारखे भाग दोन. पहिला प्री-क्लीनर. हा हवेस वावटळीसारखें फिरवितो, त्यामुळें जड धूळ बाजूस फेंकली जाऊन पारदर्शक भांड्यांत जमते व फिल्टरचा भार हलका होतो. कामाची धूळ मोठी असेल व कारखान्यानें तो दिला नसेल, तर हा भाग घेण्याजोगा आहे. मात्र तो आपल्या इंजिनाच्या हवेच्या मापाचा असावा; लहान घेतला तर इंजिनाचा श्वास कोंडतो, फार मोठा घेतला तर वावटळच नीट होत नाहीं. दुसरा भाग फिल्टर तुंबल्याचें दाखविणारी लहान खूण. फिल्टर तुंबला कीं तींत तांबडा रंग दिसतो. हा भाग स्वस्त असून त्याचा लाभ दुहेरी आहे : तुंबलेला फिल्टर कळतो, आणि न तुंबलेला फिल्टर उगाच काढला जात नाहीं. कागदी फिल्टर चाकावर आपटून झटकणें, अगर पंक्चरवाल्याकडील पूर्ण दाबाची हवा त्यावर मारणें, या दोन गोष्टींनीं जितके फिल्टर फाटतात तितके धुळीनेंहि फाटत नसतील.

उलट, ‘जास्त हवा, जास्त जोर’ म्हणून विकला जाणारा मोकळ्या विणीचा फिल्टर आपल्या रानांत कामाचा नाहीं. हवा सहज जाते ती छिद्रें मोठीं असल्यामुळें. आणि ज्या वाटेनें हवा सहज जाते तीच वाट धुळीसहि सांपडते. असा फिल्टर विकणाऱ्यास ‘आय. एस. ओ. ५०११’ या प्रमाणाप्रमाणें घेतलेल्या चांचणीचा कागद मागावा. हवेच्या फिल्टरची चांचणी त्या प्रमाणानें होते. कागद नसेल तर व्यवहारहि नसावा.

एक परीक्षा फुकट आहे. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडवून तिच्या आंतून पांढरें फडकें फिरवावें. फडकें मळलें तर धूळ फिल्टरच्या पलीकडे पोंचलेली आहे. नळीस चीर, सैल पट्टी, अगर कडेस नीट न बसलेला फिल्टर यांपैकीं कांहींतरी निघेल. तें न पाहतां शंभर प्री-क्लीनर बसविले तरी व्यर्थ.

२. उष्णता

इंजिन तापून हेड वांकणें, गॅस्केट उडणें, पिस्टन चिकटणें हे प्रकार आपल्याकडे उन्हाळी नांगरटींत व मळणींत घडतात. याचें पहिलें कारण साधें असतें : भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळ्यांत बसून वारा बंद होतो. मळणीच्या दिवसांत रेडिएटरपुढें सहज काढतां येईल अशी तारेची जाळी बसविणें, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत फळ देणारा उपाय होय. जाळी फार बारीक नसावी, व दर दोन-तीन तासांनीं झटकावी. न झटकलेली जाळी रेडिएटरचा शत्रुच होते.

दुसरी गोष्ट रेडिएटरच्या झांकणाची. दाबाचें झांकण असलेल्या इंजिनांत पाणी १०० अंशांस उकळत नाहीं. सुमारें १२० अंशांपर्यंत तें तग धरतें. झांकणाची रबरी गादी झिजली कीं हा सारा लाभ जातो. सबब नवा भाग घेण्याआधीं जुनें झांकण पाहावें.

आतां काट्याविषयीं एक गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानांत नसते. उष्णतेचा काटा इंजिनाची उष्णता मोजीत नाहीं. तो पाण्याची उष्णता मोजतो. होजपाइप फुटून पाणी एकदम निघून गेलें, तर काट्याचें टोक कोरडें पडतें, आणि इंजिन जळत असतां काटा वर चढण्याऐवजीं खालीं येतो. चालकास वाटतें कीं इंजिन थंड आहे. ज्या संकटांत वर्दीची गरज सर्वांत अधिक, त्याच संकटांत हा साक्षीदार मुका होतो. यास्तव दोन प्रकारचे बझर विचारांत घेण्याजोगे आहेत : एक रेडिएटरमधील पाणी खुणेखालीं जातांच वाजणारा, व दुसरा हेडच्या लोखंडास घट्ट बसवून धातूचीच उष्णता सांगणारा. यांतील एक जरी बसविला, तरी होजपाइप फुटल्यापासून इंजिन बसेपर्यंतचीं थोडकीं मिनिटें मालकाच्या हातीं येतात. मोलाच्या मानानें याहून चांगला भाग या यादींत नाहीं. वायर मात्र जाणत्या वायरमनकडून, फ्यूज घालून बसवावी. मूळ वायर कापून जोड दिल्यास आगीचें भय राहतें, व नव्या यंत्राची हमीहि धोक्यांत येते.

३. तेलाची तूट

तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा हा अगदीं शेवटचा निरोप आहे. दाब अर्ध्या किलोच्या आसपास, पुष्कळ गाड्यांत त्याहूनहि खालीं, आल्यावर तो पेटतो. भारावर चालणाऱ्या इंजिनास त्याच्या कित्येक पट दाब लागतो. म्हणून ज्या यंत्रांत केवळ दिवा आहे, त्यांत दाब दाखविणारा काटा बसविणें हें उचित आहे. दाब दर महिन्यास थोडा थोडा उतरतांना दिसला, तर बेअरिंगें झिजत आहेत हें आधीं कळतें, व काम हंगामाबाहेर काढतां येतें.

विहिरीवर अगर नदीकांठीं चालणाऱ्या डिझेल पंपाचा प्रकार निराळा. तेथें इंजिन चालू करून माणूस दारें धरावयास दूर जातो. कांहीं इंजिनांस थंड करणारें पाणी त्यांच्याच पंपाच्या धारेंतून घेतलेलें असतें. पंपानें पाणी सोडलें कीं इंजिनाचें पाणीहि तुटतें. अशा एकट्या चालणाऱ्या इंजिनास बझर काय उपयोगाचा? तो ऐकणार कोण? तेथें तेलाचा दाब पडतांच अगर उष्णता वाढतांच डिझेल बंद करून इंजिन थांबविणारा स्वयंचलित बंद-कळीचा संच घेणें योग्य.

तेल काढण्याच्या बोळटास लोहचुंबक असलेला प्रकार मिळतो. तो लोखंडाचा कीस धरतो. धूळ, पितळ व ॲल्युमिनियम यांस धरीत नाहीं. तेव्हां तो रक्षक नव्हे, साक्षीदार होय. तेल बदलतांना त्यावर नेहमींपेक्षां अधिक कीस दिसला तर मिस्त्रीस दाखवावा. घेतल्यास हरकत नाहीं. न घेतल्यास नुकसान नाहीं.

४. पाणी

डिझेलचा ड्रम घरीं ठेवणाऱ्यांनीं हें प्रकरण लक्षपूर्वक वाचावें. अर्धा भरलेल्या ड्रमांत रात्रीच्या गारव्यानें हवेंतील ओल निथळते व पाणी तळाशीं बसतें. जुन्या पंपाच्या इंजिनांत फवारा सुमारें २०० बार दाबावर उघडतो. तें थोडें सोसतें. नव्या कॉमन रेल इंजिनांत १,६०० बार व त्याहून अधिक दाब असतो, आणि त्यांतील फटी इतक्या बारीक असतात कीं पाण्याचा व गंजाचा अंशहि तेथें खपत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून मोटारींस ‘बी. एस. सहा’ हें प्रमाण लागू झाल्यावर नव्या डिझेल मोटारी याच जातीच्या येतात. ड्रमाचें डिझेल वापरणाऱ्यानें पाणी वेगळें करणारा जादा फिल्टर बसविण्यास आधार आहे. परंतु त्याचे सांधे हवा ओढणार नाहींत असे असावेत, नाहींतर इंजिन सुरूच होत नाहीं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ड्रम भरलेला ठेवणें, तळापासून चार बोटें वरून डिझेल काढणें, व मूळ फिल्टरचें पाणी नेमानें सोडणें.

वाटेवरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. बिलोलीच्या पूर्वेस मांजरा वाहते, व कुंडलवाडीच्या पुढें कंदकुर्तीपाशीं ती गोदावरीस मिळते. पावसाळ्यांत ओढे-नाले रस्त्यावर चढतात. हवेच्या वाटेनें पाणी इंजिनांत गेलें कीं पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी हवेसारखें दबत नाहीं, म्हणून कनेक्टिंग रॉड वांकतो. यावर हवेची नळी उंच नेणारा भाग विकला जातो. त्याचे सर्व सांधे पाणबंद नसतील तर तो केवळ शोभेचा. खरा उपाय एकच : पाण्यांत गाडी बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करूं नये, ओढून बाहेर काढावी व मिस्त्रीस आणावें. मोटारीच्या साध्या विम्यांत, असें पुन्हा सुरू करण्यानें झालेलें इंजिनाचें नुकसान मागाहूनचें म्हणून नाकारलें जाऊं शकतें. त्यासाठीं इंजिन-संरक्षणाची जादा जोड विमा कंपन्या देतात. ओढ्यापलीकडे ज्यांचें गांव आहे त्यांनीं पत्रे व नळ्या घेण्याआधीं या जोडीचीं कलमें वाचावींत.

चेंबरखालचा पत्रा

रस्त्यांतील खड्डे, बेढब गतिरोधक व पडलेले दगड यांनीं मोटारीचें चेंबर फुटतें, व तेल सांडून गेल्यावर इंजिन थोडक्यांत बसतें. म्हणून खालीं जाड पत्रा बसविण्याची चाल आहे. ज्याची वाट रोजच खडकाळ आहे त्यास हा पत्रा उपयोगी. परंतु तीन गोष्टी पाहाव्या. पत्रा गाडीच्या सांगाड्यास बसलेला असावा, चेंबरास नव्हे. तो व चेंबर यांमध्यें पुरेसें अंतर असावें, नाहींतर वांकलेला पत्राच चेंबर फोडतो. आणि त्यांत तेल काढण्यास व वारा खेळण्यास छिद्रें असावींत. बंद पत्र्याआड तेलाची गळती झांकली जाते. शिवाय पत्र्याच्या जाडीनें गाडी जमिनीच्या तितकी जवळ येते, हेंहि विसरूं नये.

बाटल्या व लोहचुंबकें

डिझेलच्या नळीस बांधण्याच्या लोहचुंबकानें इंजिनाचें रक्षण कोणत्या मार्गानें होतें, हें विक्रेत्यास सांगतां येत नाहीं. तेलांत घालण्याच्या बाटल्यांविषयीं एक दाखला पुरे. अमेरिकेंत ‘स्लिक ५०’ नांवाच्या अशा द्रव्याच्या जाहिरातींवर तेथील संघराज्य व्यापार आयोगानें १९९६ सालीं आक्षेप घेतला, आणि १९९७ सालच्या तडजोडींत पुराव्यावांचून इंजिनाची झीज कमी होण्याचे दावे करण्यास मनाई झाली. बाटलीचे पैसे योग्य प्रतीचें तेल वेळेवर बदलण्यांत घालावे.

हिशेबाची रीत

किंमत योग्य कीं अयोग्य हें असें पाहावें. समजा, इंजिन बसल्यास दुरुस्ती व बुडालेलें काम मिळून शंभर रुपयांचा तोटा आहे, आणि यंत्राच्या आयुष्यांत दहा मालकांपैकीं एकावर ही वेळ येते. तर प्रत्येकाच्या वांट्यास दहा रुपयांचें भय आलें. एखादा भाग तें भय निम्मे करीत असेल, तर त्यास पांच रुपयांपर्यंत देणें रास्त. त्याहून अधिक देणें म्हणजे भीतीचें भाडें भरणें. अर्थात् धुळींत रोज राबणाऱ्याचें भय मोठें, व बाजारापुरती मोटार काढणाऱ्याचें लहान. म्हणून एकाचा भाग दुसऱ्यानें पाहून घेऊं नये.

याशिवाय दोन प्रश्न विचारावे. हा भाग स्वतः बिघडला तर काय होईल? आणि हें काम कारखान्याचा मूळ भाग आधींच करीत नाहीं काय? मध्यप्रदेशांतील बुदनी येथें केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा घेत आहे. तेथें ट्रॅक्टर आपल्या मूळ फिल्टरासह तपासला जातो. आपण मागाहून लावलेल्या वस्तूस त्या परीक्षेचा आधार नसतो. नकली फिल्टर तर मूळ भागाच्या नांवावर येऊन घात करतो. यास्तव ओळखीच्या दुकानांतून पावतीसह घ्यावा, व जुन्याशीं ताडून त्याच्या घड्या, रबराची कड व वजन पाहावें.

सारांश येणेंप्रमाणें. प्रथम मूळ फिल्टर, नळ्या, पट्टा, झांकण व तेल नीट ठेवावें. नंतर पाण्याचा अगर धातूच्या उष्णतेचा बझर, मळणीची जाळी, व फिल्टर तुंबल्याची खूण घ्यावी. धूळ फार असल्यास प्री-क्लीनर, ड्रमाचें डिझेल असल्यास पाण्याचा फिल्टर, वाट खडकाळ असल्यास पत्रा. बाटल्या व लोहचुंबकें दुकानांतच राहूं द्यावीं.

आपल्या संस्थेनेंहि एक करावें. वैशाखांत, मृगाच्या आधीं, सभासदांचीं यंत्रें एका दिवशीं एकत्र आणून नळ्या, झांकणें व तेलाचा दाब तपासण्याची सोय करावी. त्यासाठीं सगरोळी येथील कृषि विज्ञान केंद्रास विनंती करण्यास हरकत नाहीं. नुकसानीचा पंचनामा नेहमीं मागाहून होतो, आणि पंचनाम्यानें गेलेला वाफसा परत येत नाहीं. पांढरें फडकें फिरवून पाहण्यास मात्र पाव घटका पुरते, आणि तें आजच करतां येतें.